जमिनीची बातमी

गाडीची मागची चाकं घसरायला लागली, की डोळ्यांना ते सगळ्यांत शेवटी कळतं. आधी कळतं कमरेला. बैठक किंचित एका अंगाला सरकल्यासारखी वाटते, मांडीखाली बारीक खरखर उठते आणि रस्ता तिरका झालेला दिसायच्या आत हात स्टिअरिंग उलट फिरवायला लागलेले असतात. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवत नाही. ती अंगात मुरते.

घरात बसून शर्यतीची गाडी चालवताना नेमकं हेच हरवतं. आमच्या धाराशिवच्या घरात माडीवरच्या खोलीत माझा सिम्युलेटर आहे. चौकोनी एमएस पाइप वेल्डिंग करून केलेली चौकट, भंगारातल्या गाडीची पुढची सीट, लॉजिटेकचं स्टिअरिंग, तीन पॅडल आणि समोर पडदा. स्टिअरिंगच्या आत मोटर असते. ती पुढच्या चाकांवर येणारा जोर हातापर्यंत पोहोचवते. वळणावर पुढची चाकं पकड सोडायला लागली, की स्टिअरिंग हलकं पडतं. हाताला लगेच समजतं. मागची चाकं मात्र मुकी. त्यांच्याकडून येणारा निरोप खऱ्या गाडीत बैठकीतून येतो आणि इथली बैठक म्हणजे नुसती खुर्ची. गाडी फिरली हे पडद्यावर दिसेपर्यंत ती सावरायची वेळ निघून गेलेली असते.

अण्णांनी हे पहिल्याच बैठकीत ओळखलं. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर, परंडा, उमरगा, लातूर अशा वाटांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच बॉनेटखाली असायचं. त्याची धग पायाला आणि थरथर गिअरच्या दांड्याला. अण्णा सांगतात, वेगाच्या काट्याकडे बघून त्यांनी गिअर कधी बदलला नाही. दांडा हातात कसा थरथरतो यावरून इंजिनाला ओझं होतंय की मोकळं चाललंय ते कळायचं. मागच्या जोडचाकातल्या एकातली हवा उतरली, तरी गाडी बैठकीतून सांगायची. तर अशा माणसाला मी हौसेनं सीटवर बसवलं, जर्मनीतली नुर्बुर्गरिंगची मोठी वाट लावून दिली. दोन-तीन वळणं गेली आणि त्यांनी ब्रेक दाबून गाडी उभी केली.

"गाडी काहीच बोलंना की रं," ते म्हणाले. "चालूलाली का उभीये, तेच कळंना."

हा दोष दूर करायचे महाग उपाय जगात भरपूर आहेत. सगळी चौकटच मोटारींवर उचलून पुढे-मागे झुकवणारे मंच मिळतात. त्यांचा हिशोब लाखांत जातो. आमच्यासारख्यांसाठी वाट वेगळी आहे आणि मला ती जास्त आवडते, कारण तिच्यात विचार करावा लागतो. बास शेकर नावाची एक वस्तू असते. लाउडस्पीकरच, पण कागदी शंकू काढून टाकलेला. स्पीकरमध्ये तारेचं वेटोळं चुंबकाच्या जोरावर मागेपुढे होतं आणि शंकू हवा ढकलतो. शेकरमध्ये त्याच जोरावर एक जड वजन हलतं आणि ते ज्याला स्क्रूनं बसवलंय त्या वस्तूला हलवतं. आवाज जवळजवळ नाहीच, नुसता कंप. डेटन ऑडिओचा टीटी-25 हा त्यातला लहान आणि स्वस्त शेकर. तळहातावर मावणारी चकती, 15 वॉटची, 20 ते 80 हर्ट्झ या पट्ट्यात काम करणारी. त्याला चालवायला टीपीए-3116 ही चिप असलेला छोटा अँप्लिफायर बोर्ड पुरतो. तो काही शे रुपयांना मिळतो. आणि कॉम्प्युटरला जोडायला एक साधं यूएसबी साउंड कार्ड.

यंत्रानं माणसाच्या हाताला धक्का द्यावा ही कल्पना काही नवी नाही. सेगा कंपनीच्या 1976 मधल्या मोटरसायकलच्या आर्केड खेळात टक्कर झाली की हँडल थरथरायचं. निन्टेन्डोनं 1997 मध्ये हातातल्या कंट्रोलरला लावायची थरथरती डबी काढली. पुढे अशी थरथर जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरमध्ये आली आणि आता मोबाइल खिशात थरथरला तर आपण दचकतही नाही. यातली बहुतेक थरथर टाळीसारखी असते. काहीतरी झालं, एवढंच ती सांगते. काय झालं, कुठे झालं, किती झालं, हे सांगत नाही.

मला हवी होती ती सांगणारी थरथर. आणि इथेच स्वस्तातल्या कामाचा पहिला मोठा निर्णय येतो. सोपा मार्ग असा, की खेळाचा आवाजच घ्यायचा, त्यातला खर्ज गाळून वेगळा काढायचा आणि शेकरला द्यायचा. तासाभरात होतं. पण मग इंजिनाची गुरगुर, शेजारून जाणाऱ्या गाडीचा आवाज, पार्श्वसंगीत असलं तर तेही, सगळं एकाच लगद्यात बुडाखाली येतं. दुसरा मार्ग कारणापाशी जाण्याचा. आसेट्टो कोर्सासारखा खेळ चालू असताना गाडीच्या अंगातले आकडे सतत बाहेर देत असतो: प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन किती दबलं, कुठलं चाक किती घसरतंय, इंजिनाचे फेरे किती, गिअर कोणता. सिमहब नावाची प्रणाली हे आकडे वाचते आणि त्यावरून आपण ठरवू तसा कंप तयार करते. मागचं डावं चाक घसरलं तर डावीकडच्या शेकरला अमुक हर्ट्झचा कंप, घसरण वाढेल तसा वाढत जाणारा. यात खेळाचा आवाज पूर्ण बंद केला, तरी बैठक बोलत राहते.

सगळ्या सोयी हाताशी आल्यावर मोह होतो सगळंच चालू करण्याचा. इंजिन, गिअर, रस्त्याची खडबड, ब्रेक, टक्कर, वारा. पहिल्या संध्याकाळी खोलीत आलेला प्रत्येक जण खूश होतो, कारण खुर्ची गदगदा हलते. पण चालवणाऱ्याला त्यातलं काही वेगळं करता येत नाही. इंजिनाचा कंप सर्वांत गोड आणि सर्वांत निरुपयोगी. तो अखंड चालू असतो, त्यामुळे त्वचा थोड्या वेळात त्याला सरावते, आणि जाता जाता तो बाकीच्या बारीक खुणाही पुसून टाकतो. आपल्या त्वचेत कंप टिपणारे मज्जातंतूंचे वेगवेगळे शेवट असतात. हळू, 30-40 हर्ट्झच्या आसपासची फडफड टिपणारे वेगळे. 200-300 हर्ट्झचा बारीक कंप टिपणारे खोलवरचे वेगळे. हे दुसरे इटलीच्या फिलिप्पो पाचिनीनं एकोणिसाव्या शतकात शोधले, त्याच्याच नावानं ओळखले जातात. लहान शेकरच्या वाट्याला त्यातला खालचाच पट्टा येतो. अरुंद गल्ली आहे. तिच्यात इंजिनाचा ट्रक उभा केला तर दुसरं कुणी जाणार कसं? मी इंजिन जवळजवळ शून्यावर आणलं. मागच्या चाकांची घसरण सर्वांत वर ठेवली. तिच्याखाली रस्ता. गिअरचा एक आखूड टोला.

शेकर काय देऊ शकत नाही तेही नीट समजून घेतलेलं बरं. उभ्या दिशेनं बसणारे हेलकावे माणसाच्या धडाला सर्वांत जास्त जाणवतात ते 4 ते 8 हर्ट्झच्या दरम्यान. बैलगाडीत, ट्रॅक्टरवर, खड्ड्यांच्या रस्त्यावर पोटात जे ढवळतं ते हेच. त्यासाठी बैठक खरोखर वर-खाली जावी लागते. चकतीच्या आवाक्यातलं ते काम नाही. गाडी खड्ड्यात पडल्याचं ती भासवू शकत नाही; खड्ड्याची कडा कुठे लागली तेवढं सांगू शकते. माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

चकत्या हातात आल्यावर त्या बसवायच्या कुठे, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. तेर इथून जवळ. गोरोबाकाकांचं गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईनं विचारलं आणि गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोण भाजलंय, कोण कच्चं आहे ते सांगितलं, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. नामदेवांना राग आला, ते कच्चे ठरले, तिथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. मला त्या गोष्टीतली कुंभाराची कारागिरी कायम खुणावत आली आहे. मडक्याच्या आत बघता येत नाही. वरून रंग सारखाच. पण बोटाच्या पेरानं टिचकी मारली, की भाजलेलं मडकं खणखणतं आणि तडा गेलेलं बद्द वाजतं. वस्तूला हलवा, ती आपलं आतलं सांगते.

मी चौकट तशीच थापटत गेलो. लाकडी हातोडीनं पाइपवर ठोका मारायचा आणि दुसऱ्या हाताचा पंजा सीटवर ठेवून बघायचं. पुढचा लांब आडवा पाइप घंटेसारखा घुमत राहायचा. तो पोकळ, दोन टोकांनाच बांधलेला. त्याला शेकर लावला असता तर कुठलाही कंप द्या, त्यानं स्वतःचाच सूर लावला असता. त्याची टोकं उघडून आत कोरडी, चाळलेली वाळू दाबून भरली आणि टोपणं बसवली, घुमणं गेलं. सीटच्या फोममध्ये ठोका पार जिरून जायचा, म्हणून चकत्या फोमखाली न ठेवता सीटच्या लोखंडी पट्ट्यांना बोल्टनं घट्ट आवळल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि सीट जिथे चौकटीला बसते तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दिले, नाहीतर डावीकडचा कंप चौकटीतून फिरून उजवीकडे निघतो आणि दोन बातम्यांची एक अफवा होते. फॅब्रिकेशनवाल्यानं हे सगळं करताना एकदाही विचारलं नाही की खुर्ची हलवायची कशाला. त्याला कोपऱ्यातली वेल्ड कंपानं तडकू नये याची काळजी होती, आणि त्यानं स्वतःहून तिथे त्रिकोणी पट्ट्या लावून दिल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आईचं माहेर सास्तूरचं. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र उलटत असताना, जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं उद्ध्वस्त झाली. 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारीचं नाव जगाला माहीत झालं, पण सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही आमच्या जिल्ह्यातली गावंही त्याच पहाटे आडवी झाली होती. घरं दगडमातीची, भिंती हात-दोन हात रुंद, वर माळवद. लाकडावर मातीचे थर. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. त्या पहाटे तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. दख्खनचं पठार स्थिर म्हणून ओळखलं जायचं. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या पहाटेनंतर नकाशाच बदलावा लागला.

आणि जमीन आधी बोललीच नव्हती असं नाही. 1992 मध्ये किल्लारीच्या आसपास लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती. लोकांनी जमिनीखालून आवाज ऐकले होते. म्हणून मोठा धक्का येणारच असं तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं; आजही भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. थरथर कळते, तिचा अर्थ लागत नाही, ही अवस्था फार अवघड आहे. आई त्या पहाटे इथे, शहरात होती. फळीवरची भांडी वाजून ती उठली. माहेरची बातमी यायला दुपार झाली.

तेव्हापासून आईच्या अंगाला एक सवय जडली आहे. वरच्या रस्त्यानं उसाचा भरलेला ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा किणकिणल्या, की ती हातातलं काम थांबवते. बघत नाही, बोलत नाही. पायानं जमीन ऐकते. ट्रक गेला हे पटलं, की पुन्हा काम सुरू. आम्ही घरातली माणसं त्या क्षणभराच्या थांबण्याला इतके सरावलो आहोत की आम्हीही थांबतो.

अशा घरात, तिच्या खोलीच्या वरच्या स्लॅबवर, मी करमणुकीसाठी कंप निर्माण करणारं यंत्र बसवणार होतो. पहिला शेकर जोडायच्या आधी मी तिच्याशी बोललो. काय करतोय, कशानं होतं, बटण कुठे आहे, सगळं दाखवलं. चकती तिच्या तळहातावर ठेवून हलकीच चालू केली. तिनं हात मागे घेतला नाही. "हे तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खाली येऊ देऊ नको."

हॉलिवूडमध्ये 1974 मध्ये 'अर्थक्वेक' नावाचा सिनेमा आला, तेव्हा युनिव्हर्सल कंपनीनं थिएटरांत सेन्सराउंड नावाची व्यवस्था लावली होती. प्रचंड खर्जाचे स्पीकर भाड्यानं आणून प्रेक्षकांच्या खुर्च्या आणि छात्या हादरवायच्या. लोकांनी तिकिटं काढून तो हादरा अनुभवला. आज सिम्युलेटरखाली बसणारा माझा शेकर हा त्या कल्पनेचाच लांबचा वारस आहे. मला त्या प्रेक्षकांना नावं ठेवायची नाहीत. भीती सुरक्षित जागी बसून चाखायची ओढ माणसाला आहेच. पण आईच्या वाक्यानंतर माझ्या कामाची दिशा पक्की झाली. कंप ज्याला हवा आहे त्याच्यापाशीच राहिला पाहिजे. किती जोराचा कंप देता येतो यापेक्षा तो कुठे थांबतो, हे माझ्या दृष्टीनं कारागिरीचं खरं माप झालं.

आणि ते काम शेकर बसवण्याहून कठीण निघालं. चौकटीखाली जाड, कडक रबर घातलं तर फारसा फरक पडत नाही, कारण कडक रबर कंप तसाच पुढे देतं. हवं असतं ते मऊ, वजनाखाली नीट दबणारं. चौकट आणि माणूस मिळून त्याच्यावर सावकाश डोलले पाहिजेत. डोलण्याचा हा वेग कंपाच्या वेगाहून बराच कमी असेल तेव्हाच कंप खाली उतरत नाही. मऊ रबराचे ठोकळे, त्यांच्यावर प्लायवूडचा जाड पाट, पाटावर चौकट अशी रचना जमली. खालचे, 30 हर्ट्झच्या आतले सूर प्रणालीतूनच कापले, कारण अडवायला सर्वांत अवघड तेच. मग अण्णांना वर सीटवर बसवून मी खाली आईच्या खोलीत जमिनीवर तळहात टेकून बसलो. वाटी भरून पाणी ठेवलं. पाण्यावर उठणारी वर्तुळं थांबेपर्यंत ठोकळे बदलत राहिलो.

मध्येच एक गोष्ट झाली, ती सांगण्यासारखी आहे. सगळं जोडून झाल्यावर गाडी उभी असतानाही सीट बारीक गुणगुणत होती. खेळ बंद केला तरी गुणगुण चालूच. ती 50 हर्ट्झची होती, म्हणजे घरातल्या विजेचीच. कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर होते, त्यांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह सिग्नलमध्ये मिसळत होता, आणि 50 हर्ट्झ नेमका शेकरच्या पट्ट्याच्या मधोमध पडतो. दोन्ही एकाच बोर्डावर आणले, सिग्नलच्या तारेत आयसोलेटर घातला, तेव्हा सीट शांत झाली. ज्या थरथरीमागे काही घडलेलंच नाही, ती सर्वांत आधी बंद करायला हवी, असं मला वाटतं. ती चालू राहिली तर खरी आल्यावर तिच्यावर विश्वास बसत नाही.

अण्णा पुन्हा बसले ते रविवारी सकाळी. नुर्बुर्गरिंगची ती वाट 20.8 किलोमीटरची आहे, इथून तुळजापूर साधारण जेवढं लांब तेवढीच. आसेट्टो कोर्सातली वाट लेझरनं मोजून केली आहे, त्यामुळे तिथल्या डांबराचे उंचवटे-सखल खरे आहेत. निम्म्याहून पुढे कारुसेल नावाचं वळण लागतं. आतल्या अंगाला वाडग्यासारखा उतरता काँक्रीटचा पट्टा, फरश्यांना फरश्या जोडलेला. गाडी त्यात उतरली आणि सीटमधून खट्-खट्-खट् असा ताल सुरू झाला. अण्णांनी वेग कमी केला. स्टिअरिंगवरचे हात सैल पडले, पाठ सीटला टेकली.

"सिमेंटचा रस्ताय," ते म्हणाले. "जोड लागूलालेत."

पडद्यावर त्यांचं लक्ष नव्हतं. पुढे त्यांनी आपल्याकडच्या रस्त्यांचं सांगायला सुरुवात केली. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, आणि डांबर कितीही चांगलं टाका, दोन-चार वर्षांत त्याला लाटा येतात. उमरग्याकडं जाताना आणि परंड्याकडं जाताना त्या लाटांची लांबी वेगळी, डोळे बांधून बसवलं तरी कुठल्या रस्त्यावर आहे ते सांगितलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते मानतो. एका उतारावरच्या वळणात मागची चाकं सुटली. डावीकडची चकती खरखरली आणि अण्णांनी स्टिअरिंग उलट दिलं, तेव्हा पडद्यावर गाडी अजून जवळजवळ सरळ होती.

उतरल्यावर त्यांनी एकच तक्रार केली. गिअरचा दांडा मेलेला आहे. बैठकीला इंजिन नको हे त्यांना पटलं, पण हाताला ते हवं. ओझं पडलं की दांड्यात कळलं पाहिजे. मी म्हणालो, त्यासाठी शेकर मोठा होईल. ते म्हणाले, मग लहान काहीतरी बघ. जुन्या गेम कंट्रोलरमध्ये एका बाजूला वजन असलेल्या बारक्या मोटारी असतात. तशी एक काढून दांड्याच्या बुडाशी, मुठीपासून लांब, क्लॅम्पनं बसवायची आणि आर्डुइनो नावाच्या छोट्या बोर्डावरून इंजिनाच्या फेऱ्यांनुसार फिरवायची, असं ठरलं आहे. मोटरचा फिरण्याचा वेग आणि जोर एकत्रच वाढतो, ही तिची अडचण. इंजिन ओझ्याखाली असताना फेरे कमी आणि थरथर जास्त, हे तिला कसं दाखवता येईल यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. दोन वेगळ्या वजनांच्या मोटारी लावाव्यात असं मला वाटतं. अण्णा म्हणतात, आधी एक लावून तर बघ.